परक्या देशातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीतून पहिला फोन कसा करावा

आमच्याकडे गावात अनोळखी माणूस ओट्याशी येऊन उभा राहिला की म्हातारी माणसं आधी विचारतात, "कोणत्या गावचा रे भाऊ तू? कोणाकडे आला?" त्याने नाव-गाव सांगितलं, कशासाठी आलो ते सांगितलं, की मग पाण्याचा तांब्या येतो, बसायला जागा होते. तोवर त्याच्याकडे कितीही मौल्यवान सामान असो, ते बघायला कोणी हात पुढे करत नाही. परदेशातल्या व्यापाऱ्याला न ओळखता फोन करणं म्हणजे त्याच्या ओट्याशी जाऊन उभं राहणं. एवढं मनात धरलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

मी यावल तालुक्यातली, केळीवाल्या घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले. गेली अकरा वर्षं जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघते. दरवर्षी आमच्याकडे दोन-तीन नवी मुलं-मुली येतात. बी.कॉम. झालेली, एम.बी.ए. झालेली, ईमेल छान लिहिणारी. पण फोन करा म्हटलं की चेहरा उतरतो. "ताई, माझं इंग्लिश तेवढं फ्लुएंट नाही," हे पहिलं वाक्य. त्यांना जे समोर बसवून शिकवते तेच इथे लिहिते आहे. तुमचा माल चटई नसेल, डाळ असेल, पाइप असेल, सॉफ्टवेअर असेल, तरी रीत हीच.

माझा पहिला फोन इंग्लंडला होता. कागदावर दहा ओळी लिहून घेतल्या होत्या. कारखाना कधी सुरू झाला, लूम किती आहेत, माल कसा उत्तम, भाव कसे रास्त. समोरच्याने "हॅलो" म्हटलं आणि मी एका दमात सगळं वाचून काढलं. मी थांबल्यावर तो म्हणाला, "सॉरी, हू इज धिस?" मी घाबरले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. फोन कट झाला. त्या दिवशी घरी जाताना मला खात्री होती की माझं इंग्रजी कमी पडलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. नाव-गाव सांगून मी थांबले नाही, त्याला "या, बसा" म्हणायला वेळ दिला नाही, चुकलं ते तिथे.

एका कंपनीला एक पान

फोन उचलण्याआधी वहीचं एक कोरं पान त्या कंपनीच्या नावाने उघडा. संगणकावरची यादी वेगळी आणि हे पान वेगळं. पानावर चार गोष्टी हव्यात: कंपनीचं नाव आणि त्याचा उच्चार, ती काय विकते, तिच्याबद्दलची अशी एक गोष्ट जी दुसऱ्या कोणत्याच कंपनीला लागू होणार नाही, आणि एकच प्रश्न.

तिसरी गोष्ट सापडेपर्यंत फोन करू नका. ती सापडते. त्यांच्या वेबसाइटवर जा, आपल्यासारखा माल कुठे आहे ते बघा, किती मापांत आहे, कोणत्या रंगात आहे, खाली गिऱ्हाइकांनी काय लिहिलं आहे ते वाचा. ब्रिटनमधली कंपनी असेल तर कंपनीज हाउस या सरकारी नोंदणीच्या साइटवर तिचे संचालक, पत्ता, दाखल केलेले हिशेब फुकट बघता येतात. कोणाशी बोलायचं याचा अंदाज तिथे येतो.

आपल्या मालाला त्यांच्याकडे काय म्हणतात हेही याच वेळी कळतं. आपण सगळ्यालाच चटई म्हणतो. अमेरिकन दुकानदार हाच माल "आउटडोअर रग" म्हणून विकतो. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनवाले, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेऊन फिरणारे, त्याला "ऑनिंग मॅट" म्हणतात, समुद्रकिनाऱ्यावरचा दुकानदार "बीच मॅट" म्हणतो. तुम्ही फोनवर "प्लास्टिक मॅट" म्हणालात तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे बाथरूमची जाळीदार पट्टी उभी राहू शकते. माप पण त्यांचंच. आपण चार बाय सहा फूट म्हणतो. युरोपात 120 बाय 180 सेंटिमीटर म्हणा.

उच्चाराची एक युक्ती सांगते, मला फार उपयोगी पडली. त्यांच्याकडे ऑफिस बंद असेल अशा वेळी एकदा नंबर लावा. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्ड केलेला आवाज कंपनीचं नाव सांगतो. ते नाव ऐका, देवनागरीत लिहून घ्या, निरोप न ठेवता फोन ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी त्यांचंच नाव त्यांच्याच उच्चारात तुमच्या तोंडून आलं की समोरची रिसेप्शनिस्ट दुसऱ्यांदा विचारत नाही.

कधी लावायचा

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, जोहान्सबर्ग साडेतीन तास. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, कारण तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणजे लंडनचे सकाळचे दहा आपल्याकडे जुलैत दुपारचे अडीच आणि डिसेंबरात साडेतीन. अमेरिका घड्याळ बदलते ते वेगळ्या रविवारी, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास दरवेळी पुन्हा तपासा. आखातात सुट्टीचा घोळ होतो. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. सौदी, कुवेत, ओमानमध्ये अजून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. म्हणून रविवारी आमच्या ऑफिसात एक जण येतो, रियाध आणि मस्कतसाठी.

दिवसाइतकाच महिना महत्त्वाचा. उन्हाळ्यात अंगणात अंथरायची चटई ब्रिटनच्या दुकानात वसंतात लागायला हवी. त्याआधी जहाजाचे आठवडे, त्याआधी विणकामाचे आठवडे. 2023 च्या शेवटाकडे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा युरोपची वाट साधारण दोन आठवड्यांनी लांबली. मार्चमध्ये फोन केलात तर तो व्यापारी तुमच्याशी गोड बोलेल, पण त्या हंगामाची खरेदी त्याने केव्हाच उरकलेली असते. माझे ब्रिटनचे फोन गणपती उठल्यावर सुरू होतात. तुमच्या मालाचा हंगाम तुम्ही असाच मागे मोजत या.

आणखी एक, हे नियमाचं. ब्रिटनमध्ये कॉर्पोरेट टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस नावाची यादी आहे. ज्या कंपनीने आपला नंबर त्यात घातला आहे, तिला तिच्या संमतीशिवाय विक्रीचा फोन करायचा नसतो. अमेरिकेत आणि युरोपातल्या प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत, देश निवडला की आधी ते बघा. आपल्या देशातल्या देशात विक्रीचे फोन करणार असाल तर ट्राय या दूरसंचार नियामकाचे 2018 चे नियम आहेत आणि 1909 वर नको म्हणून नोंद केलेली माणसं आहेत. नको म्हणणाऱ्याच्या ओट्यावर जायचं नाही.

पहिलं अर्धं मिनिट

जागा शांत निवडा. आमचं ऑफिस लूमच्या शेडला लागून आहे. खडखडाट आम्हाला ऐकूही येत नाही इतका कानात बसला आहे, पण समोरच्याला तेवढाच ऐकू येतो. म्हणून आम्ही सॅम्पलच्या खोलीतून बोलतो. तिथे गुंडाळलेल्या चटया भिंतीला लावून उभ्या आहेत, त्या आवाज खातात. वैशाखात 44 अंशांत पंखा बंद करून बोलावं लागतं, तेही करतो. वायरचा हेडफोन घ्या. उभं राहून बोला, आवाज मोकळा निघतो.

फोन बहुतेक वेळा रिसेप्शनवर उचलला जातो. तिला चुकवून पुढे जायचा प्रयत्न करू नका, तिचीच मदत मागा. "गुड मॉर्निंग. कुड यू हेल्प मी, प्लीज? हू लुक्स आफ्टर बायिंग फॉर आउटडोअर मॅट्स?" ती नाव सांगेल. नाव लिहून घ्या, स्पेलिंग विचारा, आणि तिचंही नाव विचारून पानावर लिहा. पुढच्या वेळी तुम्ही तिला नावाने नमस्कार करणार आहात.

मग खरेदी बघणारा माणूस फोनवर येतो. इथे माझी चार वाक्यं ठरलेली आहेत. "गुड मॉर्निंग," आणि त्याचं आडनाव मिस्टर किंवा मिस लावून. "धिस इज," आणि तुमचं नाव, "कॉलिंग फ्रॉम जळगाव, इन वेस्टर्न इंडिया." इथे थांबा. एक पूर्ण श्वास. मग "वुई हॅव नॉट स्पोकन बिफोर." मग "वुई वीव्ह आउटडोअर मॅट्स." आणि शेवटी "मे आय टेक वन मिनिट?"

"वुई हॅव नॉट स्पोकन बिफोर" हे वाक्य मुलांना नको वाटतं. आपण अनोळखी आहोत हे आपणच का सांगायचं? कारण समोरचा माणूस नेमकं तेच आठवत बसलेला असतो: हा आवाज कोणाचा, आपण कुठे भेटलो, आपण काही विसरलो का. तुम्ही ते ओझं उतरवलंत की तो ऐकायला मोकळा होतो. आणि "हाउ आर यू टुडे?" पहिल्या फोनला विचारू नका. अनोळखी माणसाने तब्येत विचारली की पुढे काहीतरी गळ्यात मारणार असा संशय येतो.

जळगाव कुठे आहे असं कोणी विचारलंच तर मी सांगते, "अ नाइट्स ट्रेन फ्रॉम मुंबई." रात्रीची गाडी सगळ्यांना कळते. "नियर मुंबई" म्हणू नका. उद्या तो मुंबईला उतरून म्हणेल, तासाभरात येतो.

इंग्रजीचा आदर क्रियापदात नसतो

हे समजायला मला तीन वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते. मराठीत आपण "सांगा", "द्या", "थांबा" म्हणतो तेव्हा आदर त्या क्रियापदाच्या शेवटातच असतो. "दे" आणि "द्या" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण मनात "तुमचा ईमेल द्या" असं पूर्ण आदराने म्हणतो आणि त्याचं इंग्रजी करतो, "गिव्ह मी युवर ईमेल." आदर वाटेतच गळून पडतो. समोरच्याला ऐकू येतं, "तुझा ईमेल दे." मग आपल्याला कळत नाही की तो एकदम कोरडा का झाला. आणि आपण भरपाई म्हणून प्रत्येक वाक्यात दोनदा "सर" घालतो, त्याने तो आणखी अवघडतो.

इंग्रजीचं आदरार्थी बहुवचन म्हणजे "कुड यू", "वुड यू" आणि "मे आय". एवढे तीन शब्द जिभेवर बसवा. "टेल मी युवर क्वांटिटी" च्या जागी "कुड यू टेल मी रफली हाउ मेनी पीसेस यू टेक इन अ सीझन?" "वेट" च्या जागी "कुड यू गिव्ह मी अ मोमेंट?" आमच्याकडच्या मुली आठवडाभर ऑफिसातही एकमेकींशी हाच सराव करतात, "कुड यू पास द स्टेपलर." पहिले दोन दिवस हसतात, मग ते तोंडात बसतं.

तसंच ऐकतानाचं. समोरचा बोलत असला की आपण "हाव... हाव..." किंवा "हां, हां" करत राहतो. आपल्याकडे त्याचा अर्थ "ऐकतोय, बोला." त्याच जागी तुम्ही "यस, यस" म्हणालात तर त्याला वाटतं तुम्ही कबूल केलं. तो म्हणत होता, "आय वुड नीड नाइंटी डेज क्रेडिट," तुम्ही म्हणालात "यस, यस," आणि पुढच्या ईमेलात ते नव्वद दिवस लेखी आले. हे आमच्याकडे घडलं आहे. ऐकताना "आय सी" म्हणा, किंवा "राइट". "यस" फक्त होकारासाठी ठेवा.

उच्चारात सगळं सुधारायला जाऊ नका. आपला हेल आपला राहू द्या, त्याने कोणाचं अडत नाही. फक्त आपल्या धंद्यातले दहा-बारा शब्द घासूनपुसून घ्या. माझ्या नशिबी "वीव्ह" आला. त्यात पहिला व ओठ गोल करून, दात न लावता म्हणायचा, आणि शेवटचा व्ह खालच्या ओठाला वरचे दात टेकवून. मराठीत दोन्हीला एकच व, त्यामुळे जीभ गोंधळते. मी आरशासमोर उभी राहून तो शब्द म्हटला आहे. "प्राइस" चा शेवट स असा स्वच्छ हवा. झ झाला तर बक्षिसाची यादी पाठवणार असं ऐकू येतं. "कंटेनर" मध्ये जोर मधल्या "टे" वर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजी कान एका अक्षरावरच्या जोराने शब्द ओळखतो. तुमच्या मालाचे शब्द ऑनलाइन शब्दकोशात ऐका आणि जोर कुठे आहे तिथे रेघ मारून वहीच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवा.

आकडे हा वेगळा घात. "थर्टीन" आणि "थर्टी", "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर सारखेच ऐकू येतात. दरवेळी फोड करून सांगा: "फिफ्टीन, वन-फाइव्ह." लाख म्हणायचं नाही, दीड लाख म्हणजे "वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड". तारखेत महिना नावाने घ्या, कारण 6/7 म्हणजे ब्रिटनमध्ये 6 जुलै आणि अमेरिकेत 7 जून. ईमेलचं स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, टी एकमेकांत मिसळतात, तेव्हा "बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा" ही विमानवाल्यांची बाराखडी पाठ करा, एका दुपारी होते.

एक प्रश्न, आणि मग गप्प

तो "वन मिनिट" म्हणाला, आता ते मिनिट आपल्या कौतुकात घालवायचं नाही. पानावरचा जो एक प्रश्न त्याला विचारायचा, त्याला ते द्यायचं. एक फोन जसा झाला तसा सांगते.

ते गृहस्थ उत्तर इंग्लंडमधले, कॅरव्हॅनचं सामान विकणारे ठोक व्यापारी.  सुट्टीत लोक कॅरव्हॅन नेऊन माळावर लावतात आणि दाराशी चटई अंथरतात. मी माझी चार वाक्यं म्हटली. ते म्हणाले, "वन मिनिट. गो ऑन."

मी म्हटलं, "थँक यू. आय सॉ दॅट यू सेल थ्री साइझेस ऑफ ऑनिंग मॅट. मे आय आस्क, व्हेन अ कस्टमर सेंड्स वन बॅक, व्हॉट इज युज्वली रॉंग विथ इट?"

पलीकडे काहीच नाही. लांब कुठेतरी गोदामात फोर्कलिफ्ट मागे येतानाचा टीं-टीं आवाज ऐकू येत होता. माझ्या तोंडाशी आलं होतं, "अवर क्वालिटी इज व्हेरी गुड, सर." मी पेनचं टोक वहीवर दाबून धरलं आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. सहाला ते बोलले. "द कॉर्नर्स. इट्स ऑलवेज द कॉर्नर्स."

आणि मग ते चार मिनिटं बोलले. वारा आला की चटई उडते, म्हणून लोक कोपऱ्यातल्या भोकातून खुंट्या ठोकतात. वाऱ्याने ओढ बसली की कोपऱ्याची शिवण उसवते, किनारीची पट्टी सुटते, आणि गिऱ्हाईक ओली चटई गुंडाळून परत पाठवतो. मी मध्ये फक्त "आय सी" म्हणत होते आणि लिहीत होते. शेवटी म्हटलं, "दॅट इज व्हेरी युजफुल. मे आय शो धिस टू अवर स्टिचिंग पीपल अँड कॉल यू अगेन ऑन थर्सडे?" ते म्हणाले, "इफ यू लाइक."

फोन ठेवून मी आमच्याच स्टॉकमधली एक चटई घेऊन शिलाईला गेले. तिथल्या मावशी वीस वर्षं मशीनवर आहेत. त्यांनी कोपरा हातात घेतला, पट्टी नखाने उचलून पाहिली, म्हणाल्या, "पट्टी इथं वळवली पण दुमडली नाही. एकाच टाक्यावर सगळा ताण येतो बाई. दुमडून आडवा टाका दे, आणि कडी बोटभर आत घे." दोन नमुने तसे शिवून कुरिअरने पाठवले. गुरुवारी ठरल्या वेळेला फोन केला. ऑर्डर त्या वर्षी आली नाही, दुसऱ्या हंगामाला दोनशे नगांची आली. मालाचं वर्णन त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि त्यात पहिला शब्द "कॉर्नर्स" होता.

त्या सहा आकड्यांत मी बोलले असते तर कोपऱ्याची गोष्ट मला कधीच कळली नसती. म्हणून नव्या मुलांना मी आधी गप्प राहणं शिकवते. शेजारी बसते, त्यांनी प्रश्न विचारला की टेबलावर हात उताणा ठेवते. तो हात उचलेपर्यंत बोलायचं नाही.

प्रश्न निवडताना एवढं बघा की त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" मध्ये संपणार नाही, आणि ते उत्तर त्यालाच माहीत असेल. "आर यू हॅपी विथ युवर सप्लायर?" विचारलंत तर "यस" येईल आणि दार लागेल.

नकार आला तर

"सेंड मी ॲन ईमेल" हा सगळ्यात जास्त येणारा जबाब. पुष्कळदा तो नकारच असतो, पण नेहमी नाही. मी म्हणते, "सर्टनली. सो दॅट आय सेंड द राइट थिंग, वुड यू रादर सी अ सॅम्पल ऑर अ प्राइस लिस्ट?" खरंच रस असेल तर तो निवडतो. "आयदर" म्हणाला तर ईमेल पाठवा, पण आस ठेवू नका.

"वुई ऑलरेडी हॅव अ सप्लायर." असणारच. चालता धंदा आहे, कोणीतरी माल देतंच असणार. त्या पुरवठादाराबद्दल एक शब्द वावगा बोलू नका. तो त्याने निवडलेला माणूस आहे. "ऑफ कोर्स. मे आय आस्क व्हेन यू नेक्स्ट लुक ॲट युवर रेंज?" इथे रेंज म्हणजे तो विकायला कोणकोणता माल ठेवतो ते. महिना कळला की पानावर लिहा आणि त्या महिन्याच्या आधी तीन आठवडे फोन करा.

"हाउ मच?" असं तिसऱ्याच वाक्याला विचारलं तर घाबरून सगळ्यात खालचा भाव सांगून टाकू नका. लपवूही नका. "फॉर दॅट साइझ, इट डिपेंड्स ऑन द वेट अँड द एजिंग. आय कॅन गिव्ह यू अ रेंज नाउ, एफओबी न्हावा शेवा." आणि खरा पल्ला सांगा, खालचा आणि वरचा. एफओबी न्हावा शेवा म्हणजे मुंबईजवळच्या त्या बंदरात बोटीत माल चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचं भाडं आणि विमा त्याचा. हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

"नॉट इंटरेस्टेड." "थँक यू फॉर टेलिंग मी. हॅव अ गुड डे." फोन ठेवा. पानावर तारीख घाला. उठून पाणी प्या आणि पुढचा नंबर लावा. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त असे फोन मी कोणाला करू देत नाही. त्यापुढे आवाजात थकवा येतो आणि समोरच्याला तो ऐकू येतो.

समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर "लाइन क्लिअर नाही" असं खोटं सांगू नका, दुसऱ्यांदाही कळलं नाही की फजिती होते. स्कॉटलंडच्या माणसाचं बोलणं मला अजूनही पहिल्या झटक्यात कळत नाही. सरळ म्हणा, "कुड यू से दॅट वन्स मोअर, अ लिटल स्लोअर?" आणि मग जे कळलं ते परत म्हणून दाखवा: "सो, टू हंड्रेड पीसेस, बिफोर द एंड ऑफ फेब्रुवारी. इज दॅट राइट?" अकरा वर्षांत यावर कोणी मला रागावलं नाही. उलट पुष्कळ जण पुढे आपणहून हळू बोलतात.

फोन ठेवल्यावर

त्याच तासात ईमेल गेला पाहिजे. पाच ओळी पुरे: काय बोललो, काय पाठवणार, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा फोन कधी. "डू द नीडफुल" आणि "रिव्हर्ट बॅक" हे शब्द आपल्या सरकारी पत्रांत चालतात, बाहेर बऱ्याच जणांना उमगत नाहीत. "प्लीज लेट मी नो" लिहा. कॅटलॉगची जड फाइल न मागता जोडू नका. आखातातले व्यापारी बहुधा व्हॉट्सअपवरच पाठवा म्हणतात, तिथे पाठवा. युरोपात मात्र त्याने सांगितल्याशिवाय व्हॉट्सअप नको.

पानावर त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, भाषांतर न करता. "कॉर्नर्स" तर "कॉर्नर्स". दुसरा फोन त्याच शब्दाने सुरू होतो. "गुड मॉर्निंग, धिस इज," आणि तुमचं नाव, "फ्रॉम जळगाव. ऑन मंडे यू टोल्ड मी अबाउट द कॉर्नर्स. आय हॅव ॲन आन्सर फ्रॉम अवर स्टिचिंग रूम. इज धिस अ गुड टाइम?"